शहर सायकलवाल्याला कसं वागवतं, ते चौकात कळतं

लांबचा रस्ता (धागाकर्ता)

कामानिमित्त गेल्या चौदा वर्षांत सात शहरांत राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या पंधरवड्यातच सायकल घेतली. त्यामुळे सायकलस्नेही शहरांची यादी कुठे दिसली की मी हातातलं काम सोडून ती वाचतो, आणि बहुतेक वेळा वाचून चिडतो. यादीत किलोमीटर मोजलेले असतात. इतका ट्रॅक, इतक्या भाड्याच्या सायकली, इतके स्टँड. मी ज्या शहरात सगळ्यात जास्त जीव मुठीत धरून सायकल चालवली, त्या शहरात ट्रॅक भरपूर होते. फक्त प्रत्येक ट्रॅक चौकाच्या तीस पावलं आधी संपायचा.

दोन चौकांच्या मधल्या सरळ रस्त्यावर मी कसाही निभावतो. गाड्या आणि मी एकाच दिशेने चाललेलो असतो. खरी गरज असते ती सगळे एकमेकांना आडवे जातात तिथे. आणि नेमकं तिथेच रस्ता आखणाऱ्याने हात वर केलेले असतात: आता तुमचं तुम्ही बघा.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. शाळा सुटायच्या वेळी शहरातल्या एखाद्या मोठ्या चौकात पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि सायकलवर कोण आहे ते बघायचं. फक्त तरणेताठे पुरुष, मान खाली घालून, गाड्यांच्या वेगाशी बरोबरी करत चाललेले दिसले, तर ते शहर सायकलवाल्यांना सोसतं, एवढंच. हँडलला पिशवी अडकवून सावकाश जाणाऱ्या आजी दिसल्या, दहा वर्षांचं पोर एकटं दिसलं, दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत जाताना दिसल्या, तर तिथे कुणीतरी मनापासून काम केलेलं असतं.

असं काम मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा उंच दगडी ओटा. त्याच्या आतल्या बाजूने सायकलचा ट्रॅक वळतो, बाहेरून गाड्या वळतात. सिग्नल लाल असेल तर सायकलवाला गाड्यांच्या पुढे, त्या ओट्याच्या आड उभा राहतो. तिथली वाहतूक उजव्या बाजूने. उजवीकडे वळणाऱ्या गाडीला ओट्याला वळसा घालावा लागतो, म्हणजे वेग आपोआप पडतो. शिवाय सायकलने रस्ता ओलांडायची जागा चौकापासून एक गाडी मावेल इतकी मागे घेतलेली असते. त्यामुळे गाडी वळून सरळ होते तेव्हा सायकलवाला ड्रायव्हरच्या काचेसमोर असतो, आरशात नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्या ओट्यावर पाय टेकवून उभा होतो आणि लक्षात आलं, की माझे खांदे खाली आलेत. इतकी वर्षं चौकात ते कानापर्यंत चढलेले असायचे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तुम्ही जिथे सायकल चालवली असेल तिथलं लिहा. ट्रॅकची लांबी नको. चौकात काय होतं, कडेला लावलेल्या गाड्यांचं काय, बर्फ पडला किंवा पाणी साचलं तर आधी काय मोकळं करतात, आणि ड्रायव्हर मागून येतो तेव्हा कसा येतो, हे लिहा.

घंटी

डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला पाच वर्षं होते, रोज दोन्ही वेळा सायकल. तिथला ट्रॅक फुटपाथपेक्षा एक पायरी खाली आणि रस्त्यापेक्षा एक पायरी वर. ती एवढीशी पायरीच सगळं काम करते. पट्टा नुसता रंगवलेला असेल तर गाडीचं चाक नकळत त्यावर येतं. पायरी असेल तर ड्रायव्हरला धक्का बसतो, त्यामुळे तो चढतच नाही.

चौकाचं विचारलंत म्हणून सांगते. वाहतूक तिथेही उजव्या बाजूने, आणि सायकलने एकदम डावीकडे वळता येत नाही, कायद्यानेच. आधी सरळ पलीकडे जायचं, त्या कोपऱ्यावर थांबायचं, मग त्या दिशेचा सिग्नल हिरवा झाला की पुढे. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी हात दाखवून सरळ मधल्या लेनमध्ये घुसले. एकही गाडी माझ्यावर आली नाही, सगळ्या थांबून राहिल्या, पण मागच्या सायकलवाल्यांनी जे सुनावलं ते आजही आठवतं.

नॉरब्रोगाडे नावाचा रस्ता आहे. तिथे गर्दीच्या वेळी सिग्नल अशा बेताने लावलेत, की ताशी वीस किलोमीटरने पायडल मारत राहिलात तर एकामागून एक हिरवेच मिळतात. २००७ पासून तसं आहे. सकाळी शहराकडे जाताना आणि संध्याकाळी उलट. चौकाचौकात थांबून पुन्हा सुरुवात करण्यात किती दम जातो हे सायकलवाल्यालाच कळतं, आणि ते कुणीतरी ध्यानात घेतलं याचं मला फार अप्रूप वाटायचं.

बर्फ पडला की मुख्य मार्गांवरचे ट्रॅक भल्या पहाटे साफ होतात. खिडकीतून बघायचे: ट्रॅक काळा कुळकुळीत आणि शेजारच्या गल्ल्या अजून पांढऱ्या.

एक मात्र सांगायला हवं. नवख्या माणसाला तिथले सायकलवालेच दटावतात. थांबताना हात वर केला नाही, ट्रॅकच्या मधोमध रेंगाळलं, की मागून घंटीवर घंटी. माझी आई आली होती तेव्हा तिला त्या गर्दीत चालवायची भीती वाटली. गाड्यांची नाही, सायकलींची.

पाऊलवाट

वरचं दोघांचं लिखाण वाचलं. छान आहे, पण मला यातून फारसं हाती लागत नाही. ही सपाट, लहान, पैसेवाली शहरं. तिथल्या लोकांच्या अंगातच सायकल आहे. ज्या शहरात चढउतार आहेत, ऊन आहे, लोक गाडीला प्रतिष्ठा मानतात, तिथे चंद्रकोरी ओटे बांधून कोण सायकलवर येणार? मी स्वतः रोज सायकल चालवतो, विरोधक नाही. पण हे चित्र दाखवून आपण स्वतःची समजूत घालतो असं मला वाटतं.

लांबचा रस्ता

पाऊलवाट, 'अंगातच आहे' याला माझा विरोध आहे, आणि जरा लांबून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डच शहरांनीही तेच केलं जे सगळ्यांनी केलं. गाड्यांसाठी रस्ते रुंद केले, कालवे बुजवले. उट्रेख्टने तर जुन्या खंदकाचा एक भाग कोरडा करून तिथे मोटारींचा रुंद रस्ता नेला होता. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांचे खून थांबवा'. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा पडला आणि सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या. लोकांनी आपलेच रस्ते मोकळे पाहिले. त्यानंतर धोरण हळूहळू फिरलं. उट्रेख्टमध्ये तो खंदक पुन्हा पाण्याने भरला, ते काम २०२० मध्ये पुरं झालं. आता तिथे लोक होडी चालवतात.

आणि ग्रोनिंगन, दुसरं एक डच शहर. १९७७ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागतं. सायकलने आणि पायी मात्र सरळ जाता येतं. दुकानदारांचा कडाडून विरोध होता. योजना रातोरात अमलात आली: खांब, कुंड्या, एकेरी वाहतुकीच्या पाट्या. त्यात महागडं असं काही नव्हतं. गाडी चालवायला बंदी नव्हती, फक्त जवळच्या कामाला सायकल जवळची झाली आणि गाडी लांबची. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये असेच भाग पाडले.

म्हणजे जे आपल्याला स्वभाव वाटतं, ते भांडून मिळवलेलं आहे, आणि ते भांडण आजही हयात असलेल्या लोकांनी केलेलं आहे.

मागचं सीट

पाऊलवाट यांनी उन्हाचं काढलं म्हणून लिहिते. स्पेनमधल्या सेव्हियामध्ये अडीच वर्षं होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. २००६ च्या सुमारास तिथे सायकलवर जवळजवळ कुणी नसायचं. मग तिथल्या पालिकेने एक गोष्ट केली जी दुसरीकडे सहसा होत नाही: एक रस्ता आज, एक रस्ता दोन वर्षांनी असं न करता एकमेकांना जोडलेलं अख्खं जाळं एकदम बांधलं. २०१० पर्यंत सुमारे १२० किलोमीटर. बरीचशी जागा आली ती कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची. सायकलींची संख्या काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढली.

जाळं एकदम बांधण्याचं महत्त्व मला तिथे कळलं. माझ्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत मधे एकही तुटका तुकडा नव्हता. एक जरी असता तर मी सायकल घेतली नसती. माझ्या मागच्या सीटवर तेव्हा तीन वर्षांचा मुलगा असायचा. नव्वद टक्के सुरक्षित असा रस्ता आईला चालत नाही.

उणं म्हणाल तर ट्रॅक दोन्ही दिशांचा आणि अरुंद आहे. समोरून कुणी आलं की मुलाचे पाय आत घे म्हणून सांगावं लागायचं. आणि दुपारी उन्हात सायकल चालवत नाहीतच कुणी, हे खरं. सकाळी आणि रात्री चालवतात. शहर तसंच जगतं तिथे.

पंक्चरपेटी

कडेला लावलेल्या गाड्यांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रंगाचा पट्टा होता, हिरवा, ताजा, चांगला दीड मीटर रुंद. पण तो उभ्या गाड्यांना खेटून. म्हणजे सुरक्षित म्हणून जिथे चालवायला सांगितलं, तिथेच दारं उघडतात.

मी मागून येत होते. टॅक्सी थांबलेली, दिवा लागलेला नाही. दार उघडलं ते मला दिसलं, पण ब्रेक दाबायला वेळ नव्हता. हँडलचं टोक दाराच्या वरच्या कडेला लागलं, चाक फिरलं आणि मी पट्ट्याच्या बाहेर, गाड्यांच्या लेनमध्ये पडले. मागच्या बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला. बसचा नंबर मला उलटा दिसत होता, इतकं ते जवळ होतं. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. टॅक्सीतला माणूस रडत होता, त्याचा बिचाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्याने उजवीडावीकडे बघितलंच नव्हतं, कारण बघायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

नेदरलँड्समध्ये दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. म्हणजे दार उजवीकडे असेल तर डाव्या हाताने. तसं केलं की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारा दिसतो. हे मी आता माझ्या घरात सगळ्यांना करायला लावते. पण शहर माणसाच्या सवयीवर विसंबून राहत असेल तर ते चुकीचं आहे. ट्रॅक गाड्यांच्या आणि फुटपाथच्या मधे न्यायचा आणि दाराएवढी जागा मोकळी सोडायची. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर हेच केलं, उभ्या गाड्यांचीच भिंत केली.

लंडननेही आधी रंगावरच भागवलं. २०१० मध्ये 'सुपरहायवे' म्हणून निळे पट्टे मारले. नाव मोठं, पण बऱ्याच ठिकाणी तो निव्वळ रंग होता, आणि त्या पट्ट्यांवर माणसं मेली. २०१६ मध्ये नदीकाठच्या रस्त्यावर खरा, कठडा घातलेला ट्रॅक आला. त्यावर आता लोंढे असतात.

बस क्रमांक नऊ

मी सिटीबस चालवतो, एकोणीस वर्षं झाली. या धाग्यावर मी परका आहे, पण वाचतोय.

पंक्चरपेटी ताई, तुमच्या मागच्या त्या बसवाल्याची रात्र कशी गेली असेल ते मला माहीत आहे. माझ्यावर अशी वेळ एकदा आली. पोरगा वाचला. मी पुढचे चार दिवस बस घेतली नाही.

आमची बाजू लिहितो. मोठ्या गाडीच्या केबिनमधून लगेच शेजारी, खाली काय आहे ते दिसत नाही. आरसे कितीही लावा, एक पट्टा अंधारात राहतोच. सिग्नलला थांबलं की सायकलवाले त्याच पट्ट्यात येऊन उभे राहतात, कारण रंगवलेली मार्गिका त्यांना तिथेच आणून सोडते. मग सिग्नल सुटतो आणि मी वळतो. चूक कुणाची? लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनांहून जड ट्रकना, केबिनमधून किती दिसतं ते मोजून मगच परवाना देतात. असं सगळीकडे व्हायला हवं. खिडकी खालपर्यंत असलेले ट्रक बनतात, महाग असतात म्हणून लोक घेत नाहीत.

बस थांब्याचं दुसरं दुखणं. ट्रॅक आणि बस एकाच कडेला असतील तर मी थांब्याला लागताना सायकलवाल्याला कापतो, सुटताना तो मला कापतो. दिवसातून दोनशे वेळा. जिथे ट्रॅक थांब्याच्या मागून नेलाय तिथे माझ्या डोक्याचा निम्मा ताप गेला.

पांढरी काठी

बस क्रमांक नऊ, तुमचा ताप गेला, तो माझ्याकडे आला.

मला दिसत नाही. थांब्याच्या मागून ट्रॅक गेला की बसमधून उतरल्यावर फुटपाथवर पोहोचायला मला सायकलींच्या वाटेतून जावं लागतं. गाडी ऐकू येते. सायकल ऐकू येत नाही, विजेवरची तर मुळीच नाही. माझ्या काठीला एकदा चाक लागून काठी मोडली. मी उभाच राहिलो, कारण पुढे ट्रॅक आहे की फुटपाथ तेच कळेना. ज्याने मोडली तो थांबला नाही.

मी सायकलींच्या विरोधात नाही. माझी मुलगी चालवते. पण सायकलस्नेही शहर मोजताना चौकात उभं राहून सायकलवर कोण आहे ते बघा म्हणालात, तसं पायी कोण नाही तेही बघा.

लांबचा रस्ता

पांढरी काठी, हे माझ्या मूळ लिखाणात यायला हवं होतं, आलं नाही. मान्य.

जिथे हे बऱ्यापैकी साधलंय तिथे मी दोन गोष्टी पाहिल्या आहेत. थांब्यापाशी ट्रॅक चढून फुटपाथच्या पातळीला येतो, त्यामुळे सायकलचा वेग पडतो, आणि ओलांडायच्या जागी पायाला कळणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा असतात. थांब्याची जागाही पुरेशी रुंद असते, नुसता दोन हातांचा तुकडा नाही. तरी सायकलवाल्याने थांबायचं हे त्याच्या अंगी बाणेपर्यंत तुमचा प्रश्न सुटत नाही, हे कळतं.

सातवा मजला

मी तोक्योत राहतो आणि या धाग्याची मूळ कसोटी इथे लावली तर गोंधळ उडतो. चौकात ओटे नाहीत, ट्रॅक नावापुरते, रस्त्यावर निळे बाण रंगवलेले. आणि तरी पुढे एक, मागे एक मूल बसवून आई चाललेली, हे दृश्य इथे रोजचं. ऐंशीच्या पुढच्या आजीही.

बरीच वर्षं विचार केल्यावर मला कारण सापडलं ते असं. इथे गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला आधी द्यावा लागतो. कायदा १९६२ चा. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. म्हणून वस्तीतल्या गल्ल्या रिकाम्या असतात. रिकाम्या म्हणजे अरुंद असूनही नजर पोहोचेल अशा. कोपऱ्यावरून मूल येतंय ते ड्रायव्हरला आधीच दिसतं, आणि गल्ली इतकी निमुळती की वेगाने जाताच येत नाही. पंक्चरपेटी यांच्यासारखं दार उघडायला कडेला गाडीच नाही.

दुसरं कारण रेल्वे. लोक सायकलने फक्त स्टेशनापर्यंत जातात, दहा मिनिटं. लांबचं सगळं रेल्वेने.

दुसरी बाजूही सांगतो. सायकल भलत्या जागी लावली तर चिठ्ठी लागते, मग उचलून नेतात. बऱ्याच फुटपाथांवर सायकल चालवायची मुभा पूर्वीपासून, त्यामुळे पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यांना अंग चोरून चालावं लागतं. पांढरी काठी यांची तक्रार इथेही तितकीच खरी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून सायकल चालवताना मोबाइल वापरला तर दंडच काय, तुरुंगवासही होऊ शकतो.

लांबचा रस्ता

सातवा मजला, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. वेग कमी आणि नजर मोकळी असेल तर ओट्याची गरज पडत नाही, असं त्यातून निघतं. म्हणजे ओटा हा उपायांपैकी एक. मूळ गोष्ट ड्रायव्हरला सायकलवाला वेळेत दिसणं आणि गाडी थांबवता येईल इतकी सावकाश असणं. ताशी ५० आणि ताशी ३० यांत फरक वीसचा वाटतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: पन्नासच्या गाडीत तिसाच्या गाडीपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट. पॅरिसने २०२१ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली तेव्हा तिथे होतो. पहिले काही महिने लोक कुरकुरले. मला जाणवलं ते असं, की वेग उतरला तसे ड्रायव्हर डोळ्यांत बघायला लागले.

हेलकावा

हेल्मेटचा उल्लेखच नाही? मेलबर्न ज्या प्रांतात आहे तिथे १९९० पासून सक्ती आहे, जगात पहिली. मी तिथे नऊ वर्षं चालवतोय, एकदा हेल्मेट फुटलं, डोकं शाबूत राहिलं. डच लोक बोडक्या डोक्याने फिरतात म्हणून सगळ्यांनी फिरावं का?

घंटी

हेलकावा, हेल्मेट घालावंच, माझंही म्हणणं तेच. पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं. इथे पडू नये म्हणून शहराने काय केलं ते चाललंय. त्यावर वेगळा धागा काढलात तर मी येईन.

उणे वीस

फिनलंडमधल्या ऊलूत आहे. उत्तर ध्रुवाकडे बरंच वर. हिवाळ्यात मुलं शाळेत सायकलने जातात. लोकांना खोटं वाटतं म्हणून फोटो दाखवते.

युक्ती साधी आहे. ट्रॅकवरचा बर्फ लोक कामावर निघायच्या आत सरकवतात, पण खरवडून काढत नाहीत. खाली दाबलेला, कडक थर ठेवतात, त्यावर खडी. चाक छान धरतं. घातक असतो तो अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला. आणि मोठ्या रस्त्यांखालून सायकलींचे बोगदे आहेत, उजेड असलेले, रुंद, सरळ पलीकडचं टोक दिसेल असे. हे शेवटचं महत्त्वाचं. दुसऱ्या एका शहरात मी बोगद्याऐवजी वरचा धोकादायक चौक पसंत करायचे, कारण बोगदा वळणाचा होता आणि आत कोण उभं आहे ते दिसायचं नाही. बायका रात्री कुठला रस्ता टाळतात हे विचारल्याशिवाय कुठलाही नकाशा पुरा होत नाही.

पाऊलवाट

मी सुरुवातीला जे लिहिलं त्यातला 'अंगातच आहे' हा भाग मागे घेतो. पण एक उरतं. जे बांधलं ते टिकतं का? कॅनडातल्या टोरंटोचं बघा. ब्लूर, यंग, युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरचे ट्रॅक उखडायचा कायदा प्रांताच्या सरकारने २०२४ मध्ये केला. लोक न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की असे संरक्षण देणारे ट्रॅक काढणं हे लोकांच्या जिवाच्या हक्काविरुद्ध आहे. शहर सायकलवाल्यांना परकं मानतं ते नेहमी दुर्लक्ष करूनच नव्हे. कधी ठरवूनही.

मला हे सतावतं. रोज त्या ट्रॅकवरून जाणाऱ्याला कसं वाटत असेल, की आपली वाट निवडणुकीवर आहे.

रविवारची सकाळ

म्हणून मला कोलंबियाची राजधानी बोगोता आवडते. तिथे १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मोठे रस्ते गाड्यांना बंद. आता १२० किलोमीटरहून जास्त. सरकारं आली-गेली, तो रविवार कुणाला काढता आला नाही, कारण लाखो लोक त्यात वाढले. मी तिथे सात महिने होतो. सहापदरी रस्त्याच्या मधल्या लेनमध्ये एक बाप मुलीची सायकल मागून धरून पळत होता. त्याने हात सोडला, तिला कळलंच नाही, ती चालवत गेली. आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याचे बाकी दिवस तिथेही कठीणच. बस आणि मोटरसायकली अंगावर येतात. पण त्या मुलीला रस्ता आपला वाटण्याची सुरुवात रविवारी झाली.

पंक्चरपेटी

पडल्यानंतर चौदा महिने सायकलला हात लावला नव्हता. या धाग्यामुळे परवा बाहेर काढली. टायर बसले होते, चेनला गंज. अर्धा दिवस त्यातच गेला.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला शाळेत सायकलने जायचं आहे. वाटेत एकच मोठा चौक. काल शाळा सुटायच्या वेळी धागाकर्त्यांनी सांगितलं तसं तिथे पंधरा मिनिटं उभी राहिले. सायकलवर अकरा जण, एकही मूल नाही, दोन बायका. पायी ओलांडणाऱ्यांत काठी घेतलेलं कुणी नाही. वळणाऱ्या गाड्या आणि सरळ जाणाऱ्या सायकली यांना हिरवा एकाच वेळी मिळतो. मोबाइलवर वेळ लावून मोजलं: मुलीच्या वेगाने ओलांडायला चौदा सेकंद लागतात, सिग्नल नऊ सेकंद हिरवा राहतो.

हे सगळं लिहून काढलंय, सोबत कोपऱ्याचं एक चित्र. पालिकेच्या वाहतूक विभागाला द्यायचं आहे. सायकलींना गाड्यांच्या पाच-सात सेकंद आधी हिरवा द्यावा आणि एकूण वेळ वाढवावा, एवढंच मागितलंय, कारण त्याला खोदकाम लागत नाही. बस क्रमांक नऊ, केबिनमधून कुठला पट्टा दिसत नाही ते मला कागदावर काढून द्याल का? ते त्या चित्रात घालायचं आहे.

बस क्रमांक नऊ

देतो. उद्या डेपोत बस उभी असताना माझ्या सोबतच्या कंडक्टरला शेजारी उभं करतो, तो दिसेनासा होईल तिथे खडूने खूण करतो आणि टेपने मोजून पाठवतो. सहा जागा मोजेन, उजव्या बाजूच्याही.